निबंध वाचणारे पंतोजी

गेल्या पावसाळ्यांत, शिक्षक होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळाचें उद्घाटन करण्यासाठीं मला बोलावणें आलें होतें. कॉलेजाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशीं मंडळें आतां पुष्कळ ठिकाणीं आहेत, आणि त्यांचा वार्षिक क्रमहि बहुधा सारखाच असतो. दोन व्याख्यानें, एक वादविवाद, एक सहल, एक हस्तलिखित आणि शेवटीं चहापान. माझें भाषण आटोपून मी खालीं बसतों न बसतों तोंच मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली व म्हणाली, "सर, अशा मंडळांनीं आजवर केलें तरी काय आहे?" प्रश्नांत उद्धटपणा मुळींच नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. मला मात्र त्या क्षणीं नीटसें उत्तर सुचलें नाहीं. विचारांची देवाणघेवाण, व्यक्तित्वाचा विकास असें कांहीं तरी बोलून मीं वेळ मारून नेली. घरीं परततांना जें उत्तर द्यावयास हवें होतें तें आठवलें. तें मुंबईंतलें आहे, १८४८-४९ सालचें आहे, आणि वाटतें तितकें सरळ नाहीं.

शिक्षक हा तयार करावा लागतो ही कल्पनाच आपल्याकडे नवी. जुना पंतोजी तयार होत नसे, तो असे. ज्याला मोडी वाचतां येई, पावकी-निमकी-औटकी पाठ असे आणि दुसरा धंदा जमलेला नसे, तो कोणाच्या तरी ओसरीवर शाळा मांडी. इंग्रजी अमलांत सरकारमान्य मराठी शाळा निघूं लागल्या तेव्हां असा पंतोजी पुरेना. मग बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत माणसें शिकवून १८२६ सालीं २४ शिक्षक बाहेर पाठविले. १४ मराठी मुलुखासाठीं आणि १० गुजराथेसाठीं. सुरतेचे प्रसिद्ध सुधारक दुर्गाराम मेहताजी त्या तुकडींतलेच. पुढें १८४५ सालीं बाळशास्त्री जांभेकर यांच्या देखरेखीखालीं नॉर्मल क्लास निघाला. दुर्दैवानें बाळशास्त्री दुसऱ्याच वर्षीं, ऐन तारुण्यांत, वारले आणि तें काम व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आलें. नॉर्मल क्लासाची उपयुक्तता कोणी नाकारणार नाहीं. परंतु तेथें येणारा विद्यार्थी विद्यावेतन घेऊन येई व नेमणूक घेऊन जाई. त्यानें काय शिकवावें हें ठरलेलें असे. कसें शिकवावें हेंहि थोडेंबहुत सांगितलें जाई. कां शिकवावें, हें त्याला विचारण्याचें कोणास कारण नव्हतें.

ज्या सभेविषयीं मला सांगावयाचें आहे ती ह्या वर्गाच्या शेजारीं, पण त्याच्या बाहेर, जन्मास आली. गव्हर्नर एल्फिन्स्टन १८२७ सालीं स्वदेशीं परत गेले तेव्हां लोकांनीं त्यांच्या नांवें जो फंड उभारला, त्यांतून नेमलेले प्रोफेसर १८३५ सालीं मुंबईस आले. आणि १८४० मध्यें त्यांचे वर्ग व सोसायटीची शाळा एकत्र होऊन एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही संस्था झाली. ह्या संस्थेंत शाळा व कॉलेज एकाच कारभाराखालीं नांदत. वरच्या वर्गांतला हुशार विद्यार्थी शिष्यवृत्ति मिळवी आणि लवकरच खालच्या वर्गांचा मदतनीस शिक्षक होई. दादाभाई नवरोजी येथेंच शिकले आणि १८४५ सालीं येथेंच मदतनीस शिक्षकांचे मुख्य झाले. त्या वेळीं त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. भाऊ दाजी लाड हेहि वैद्यकाकडे वळण्यापूर्वीं ह्याच संस्थेंत शिकवीत. तात्पर्य, विद्यार्थी आणि मास्तर ह्यांच्यामधील रेघ तेथें फार ठळक नव्हती, आणि ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यास फार महत्त्वाची आहे.

जून १८४८ मध्यें प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखालीं ह्या तरुणांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. सभासदानें निबंध लिहून आणावा, तो सभेंत वाचावा, इतरांनीं त्यावर बोलावें, असा तिचा नेम. कारभार इंग्रजींत चाले. धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य ठरविले होते. आजच्या वाचकाला ही भित्रेपणाची खूण वाटेल. आणि थोडी ती होतीहि. पण ज्या शहरांत अवघ्या नऊ वर्षांपूर्वीं, १८३९ सालीं, दोन पारशी मुलांच्या धर्मांतरानें केवढा तरी गहजब उडाला होता, त्या शहरांत पारशी, गुजराथी व मराठी मुलांना एका बाकावर बसवावयाचें तर हें कुंपण घालणें भाग होतें. शिवाय कुंपण घातल्यानें आंतलें पाणी आटतें असें नाहीं. दादोबांसारख्या मंडळींनीं १८४९ सालीं परमहंस सभा काढली, तेथें जातिभेदाविरुद्ध सर्व कांहीं बोललें जाई. मात्र दार लावून.

इंग्रजी सभा निघाल्यावर त्याच वर्षीं तिच्या दोन देशी शाखा निघाल्या, एक गुजराथी व एक मराठी. मराठी शाखा ती ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे अध्यक्ष झाले दादोबा पांडुरंग. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. सरकारी मराठी शाळांचे शिक्षक तयार करण्याचें काम ज्याच्याकडे होतें तोच मनुष्य सायंकाळीं ह्या तरुणांच्या सभेंत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसे. माझ्या समजुतीनें ह्या एका योगायोगाकडे आमच्या इतिहासकारांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. ह्या सभेचा उल्लेख येतो तो स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणांत किंवा दादाभाईंच्या चरित्राच्या आरंभीं. शिक्षक घडविण्याच्या इतिहासांत तो क्वचितच येतो. वास्तविक तिची खरी जागा तेथेंच आहे.

सभेंत वाचलेल्या निबंधांचे विषय पाहिले तर आज हंसूं येईल. गोविंद नारायण माडगांवकर हे मिशनच्या शाळेंतले अध्यापक ह्या सभेंतले मोठे हौशी निबंधकार. शुचिर्भूतपणा हा त्यांचा एक विषय, कर्ज काढूं नये हा दुसरा, दारूचे दुष्परिणाम हा तिसरा. ह्यांत नवें तें काय, असें वाटणें साहजिक आहे. नवें हें होतें कीं, हे विषय मराठी गद्यांत, शास्त्राधार किंवा संतवचन पुढें न करतां, निव्वळ कारणें देऊन, समोर बसलेल्या बरोबरीच्या माणसांना पटवून द्यावयाचे होते. त्या काळच्या मराठी गद्याला ही कसरत सर्वस्वीं अपरिचित होती. कीर्तनकार श्रोत्यांना उपदेश करी, शास्त्री निर्णय देई. शंका घेणारा श्रोता दोघांनाहि नको असे. सभेंत मात्र निबंध संपला कीं शंका घेणाराच पहिला उठे. १८५० सालापासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघूं लागलें व तें १८६७ पर्यंत चाललें. त्याचीं पानें चाळणाराला ही सभेंतली लकब वारंवार भेटते. गुजराथी शाखेंत दादाभाईंसारखे लोक सृष्टिशास्त्रावर प्रयोगांसहित व्याख्यानें देत. एवढ्यावरच हें सारें थांबलें असतें तरी सभेचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांत राहिलें असतें. आणि माझ्या त्या विद्यार्थिनीला मीं दिलेलें गुळमुळीत उत्तरहि खरें ठरलें असतें.

पण ऑगस्ट १८४९ मध्यें बेहरामजी गांधी नांवाच्या सभासदानें स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला. विषय तसा त्या वर्षाच्या हवेंतच होता. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची भिड्यांच्या वाड्यांतली शाळा १८४८ सालीं निघाली होती. कलकत्त्यास बेथ्यूनसाहेबांची मुलींची शाळा १८४९ च्या मे महिन्यांत उघडली होती. मुंबईंत तर अमेरिकन मिशननें १८२४ पासूनच मुलींना शिकविण्याचा उद्योग चालविला होता, परंतु मिशनच्या शाळेंत मुलगी पाठविणें म्हणजे ती हातची घालविणें अशी भल्याभल्यांची समजूत असे. निबंधावर चर्चा झाली, सर्वांनीं अनुमोदन दिलें. सभा येथेंच संपावयाची. परंतु प्रोफेसर पॅटन यांनीं, हें बोलण्यापुरतें न ठेवतां कांहीं करून दाखवा, असें सुचविलें आणि पोरांनीं तें शब्दशः घेतलें.

अध्यापनाचा धंदा मी गेलीं अनेक वर्षें करीत आलों आहें. तेव्हां अनुभवानें सांगतों कीं, विद्यार्थ्यांनीं प्रोफेसराचें सांगणें इतक्या शब्दशः घेणें ही गोष्ट विरळा!

हे तरुण घरोघर हिंडूं लागले. दादाभाईंनीं उतारवयांत आपल्या ह्या दिवसांची आठवण लिहून ठेविली आहे. मुलींच्या बापांना ते विनवीत, कीं तुमच्या ओसरीवर थोडी जागा द्या, आम्ही येऊन शिकवूं. कांहीं ठिकाणीं रुकार मिळे; कांहीं ठिकाणीं पायऱ्यांवरून खालीं लोटून देण्याची धमकी मिळे. बापाच्या दृष्टीनें पाहिलें तर राग समजण्याजोगा आहे. विशी-बाविशींतला परका तरुण, तोहि इंग्रजी शिकलेला, आपल्या आठ वर्षांच्या मुलीला अक्षर शिकवावयास घरीं येतों म्हणतो! शिकलेली बाई विधवा होते, हा प्रवाद तर घरोघर होताच. शिवाय, शिकून हिनें करावयाचें काय, मामलत का चालवावयाची आहे, हा व्यवहारी प्रश्न. आणि ह्या प्रश्नाला त्या पोरांपाशीं व्यवहारी उत्तर नव्हतें.

तरीहि ऑक्टोबर १८४९ मध्यें शाळा सुरू झाल्या. पारशी मुलींसाठीं गुजराथींत आणि हिंदु मुलींसाठीं मराठींत. आरंभीं ४४ पारशी व २४ हिंदु मुली जमल्या. वर्ग सकाळच्या प्रहरीं भरत, म्हणजे मास्तरांना ते आटोपून आपल्या कॉलेजांत वेळेवर जातां यावें. पगार कोणासहि नव्हता.

ही सकाळ मी पुष्कळदां डोळ्यांपुढें आणून पाहतों. रात्रीं दिव्याजवळ बसून इंग्रजी काव्य आणि न्यूटनचें गणित घोकणारा मुलगा सकाळीं एका परक्या ओसरीवर धुळाक्षरें गिरवून घेत आहे. त्या वेळीं बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें एक मोठा वाद पेटला होता. बोर्डाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी म्हणत, उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. जर्व्हिससाहेब आणि नाना शंकरशेट म्हणत, देशी भाषांतून द्यावें. दोन्हीं बाजूंच्या टिपणांवर टिपणें पडत होतीं. तो वाद योग्यच होता, आणि आजहि तो मिटलेला नाहीं. पण मोठीं माणसें भाषेविषयीं लिहीत असतां हीं पोरें ती भाषा वापरीत होतीं. जें आपण इंग्रजींत शिकलों तें मराठींत सांगूं जातां आपल्याला तें कितपत समजलें आहे ह्याची परीक्षा होते; आणि ऐकणारी मुलगी आठ वर्षांची असली म्हणजे परीक्षक फार कडक असतो. नॉर्मल क्लासाच्या धड्यांतून हें शिकतां आलें नसतें असें मी म्हणत नाहीं. पण पोटासाठीं शिकणें वेगळें, आणि पायऱ्यांवरून लोटले जाण्याच्या भीतीनें शिकणें वेगळें.

पुढें पैशाची सोय झाली. पारशी शाळांना कामा घराण्यानें हात दिला. गिरगांवांत मराठी मुलींच्या शाळेला नाना शंकरशेटांनीं जागा दिली. लोहार चाळींतल्या शाळेला भाऊ दाजींचें नांव मिळालें. वर्गांवर पगारी शिक्षक आले. कालांतरानें पारशी मुलींच्या शाळा पारशांच्या स्वतंत्र मंडळाकडे गेल्या आणि मराठी शाळा सोसायटीकडे राहिल्या. हा भाग सर्व इतिहासांत सांपडतो, म्हणून मी तो लांबवीत नाहीं.

जो भाग सहसा सांगितला जात नाहीं तो असा. सभेनें शिक्षक तर घडविले, पण ते शिक्षक राहिले किती? भाऊ दाजी १८५१ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडून डॉक्टर झाले. विश्वनाथ नारायण मंडलीक वकिलींत गेले. दादोबा १८५२ सालीं डेप्युटी कलेक्टर होऊन नगरकडे गेले. सोराबजी शापुरजी बंगाली व्यापारांत व लोकसेवेंत रमले. खुद्द दादाभाई गणित व सृष्टिशास्त्राचे प्रोफेसर झाले खरे, त्या संस्थेंत हा मान मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ म्हणून त्यांचें कौतुकहि झालें. परंतु १८५५ सालीं कामांच्या पेढीचे भागीदार होऊन तेहि विलायतेस गेले. अपवाद म्हणावा तर माडगांवकरांसारख्यांचा, ज्यांनीं मास्तरकी करतां करतांच १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ हा अपूर्व ग्रंथ लिहिला. बाकीच्यांना शाळा ही पायरी ठरली, मुक्काम नव्हे.

ह्यावरून कित्येक टीकाकार म्हणतात, कीं सुशिक्षित तरुणांनीं कीर्तीसाठीं चार दिवस केलेली ही हौस होती. मला हा आरोप निम्मा मान्य आहे. मास्तराचा पगार तेव्हांहि तुटपुंजा होता, आणि ज्याला दुसरीकडे चौपट मिळूं शकतें त्यानें तो कां घ्यावा, ह्याचें उत्तर आजतागायत कोणत्याहि मंडळानें दिलेलें नाहीं. तथापि निम्मा आरोप मी नाकारतों. कारण हौशीचें काम हौशी माणूस निघून गेल्यावर बंद पडतें, आणि हें बंद पडलें नाहीं.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पुण्याच्या शाळेंत आरंभींच एक स्त्री शिकवीत होती. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलें तें त्या घराबाहेर पडल्या म्हणून. शिवाय फुले दंपतीनें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठींहि शाळा काढल्या. मुंबईच्या सभेच्या शाळा मुख्यतः पांढरपेशा आणि व्यापारी घरांपर्यंत पोंचल्या, आणि तेथें शिकवीत ते पुरुष. मेरी कार्पेंटर ही इंग्रज विदुषी १८६६ सालीं हिंदुस्थानांत आली तेव्हां तिच्या नजरेस पहिली हीच गोष्ट आली. मुलींच्या शाळा आहेत, पण त्यांत शिकविणाऱ्या स्त्रिया जवळजवळ नाहींत. कारण उघड होतें. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली कीं तिचें लग्न होई व शाळा सुटे. शिक्षिका होण्यास जी वाढावी लागते तीच विद्यार्थिनी शाळेंत उरत नसे. स्त्रियांसाठीं नॉर्मल स्कुलें काढावीं असा कार्पेंटरबाईंनीं सरकारकडे लकडा लावला, आणि १८७० च्या सुमारास पुण्यास फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालें. म्हणजे बेहरामजींच्या निबंधानंतर वीस वर्षांनीं! १८४९ च्या त्या चर्चेंत, ह्या मुलींना पुढें शिकवील कोण, असा प्रश्न एकाहि सभासदाच्या डोक्यांत आला होता काय, असें माझ्या मनांत नेहमीं येतें. त्या काळीं स्त्रिया सभेच्या खोलींत नव्हत्या, एवढेंच ह्याचें कारण असावें. माझ्या त्या मागच्या बाकावरील विद्यार्थिनीनें तो प्रश्न पहिल्या दिवशींच विचारला असता.

सोसायटी पुढें पुष्कळ वर्षें चालली. भाऊ दाजी तिचे अध्यक्ष झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारख्या पंडितानेंहि तिचा कारभार पाहिला. पण तोंपर्यंत ती विद्यार्थ्यांची राहिली नव्हती. १८५७ सालीं विश्वविद्यालय निघालें, पदवीच्या परीक्षा आल्या, आणि कॉलेजांतल्या मुलांना सकाळ मोकळी मिळेनाशी झाली. सभेंत आतां प्रौढ विद्वान प्रौढ विद्वानांपुढें निबंध वाचीत. निबंध चांगले असत, पण ते ऐकून कोणी उठून घरोघर हिंडत नसे. गिरगांवांतली मुलींची शाळा मात्र चालूच होती.

दादाभाई १८९२ सालीं पार्लमेंटांत निवडून आले. तीनदां काँग्रेसचे अध्यक्ष झाले. देशानें त्यांना पितामह म्हटलें. लोकांनीं दिलेल्या सर्व पदव्यांत आपणांस प्रोफेसर ही पदवी अधिक प्रिय आहे, असें त्यांनीं वृद्धपणीं लिहिलें. आणि पूर्वींचे विद्यार्थी भेटले म्हणजे ते अजूनहि आपणांस ‘दादाभाई प्रोफेसर’ म्हणूनच हाक मारतात, हेंहि त्यांनीं मोठ्या संतोषानें नमूद करून ठेविलें आहे.